भांड्यांचा ‘नॅचरल’ साबण: लहान मुलांच्या घरात काय बघून घ्यायचा?

(या भागातल्या बोलण्याचा हा लिखित मजकूर. वाचायला सोपं जावं म्हणून मधे उपशीर्षकं टाकली आहेत, बाकी भाषा बोलली तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय थेट सिंकपाशी नेणारा आहे. “घरात बाळ आहे, भांड्यांना कुठलं नॅचरल लिक्विड आणू?” हा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय. कोणाचं मूल सहा महिन्यांचं आहे आणि आता वरचं खाणं सुरू झालंय, कोणाचं दीड वर्षाचं आहे आणि ओट्याखालचं प्रत्येक कपाट उघडून बघतंय. प्रश्न तोच, काळजीही तीच.

आधीच सांगतो, आज मी कुठल्याही ब्रँडचं नाव घेऊन “हे आणा” असं सांगणार नाही. कंपन्या फॉर्म्युला बदलत राहतात, आज सांगितलेलं सहा महिन्यांनी लागू होईलच असं नाही. त्यापेक्षा बाटली हातात घेतल्यावर काय बघायचं, हे कळलं तर ते कायम उपयोगी पडतं. दुसरी गोष्ट, मी डॉक्टर किंवा केमिस्ट नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण आमच्या कामात एक सवय लागते. सिस्टिम सुरक्षित करायची असेल तर धोका नेमका कुठून आत येऊ शकतो, हे आधी कागदावर लिहायचं. खिडकीला तीन कुलपं आणि दार सताड उघडं, असं व्हायला नको.

भांड्यांच्या साबणाचं तसंच करू. मुलांच्या घरात हा साबण तीन वाटांनी त्रास देऊ शकतो. एक, भांड्यावर राहिलेला अंश पोटात जाणं. दोन, हाताच्या कातडीला लागणं. आणि तीन, मुलाच्या हातात अख्खी बाटलीच लागणं. आपण सगळे पहिल्या वाटेची काळजी करत असतो. दुसरी वाट घरातल्या भलत्याच व्यक्तीची आहे, तिच्याबद्दल बोलूच. आणि तिसरी सगळ्यात धोक्याची. पण त्याआधी साबण म्हणजे काय ते थोडं समजून घेऊ, नाहीतर लेबल वाचता येणार नाही.

साबण आणि डिटर्जंट

आपण भांडी घासायला जे वापरतो त्याला साबण म्हणतो, पण ते बहुतेक वेळा साबण नसतं. खरा साबण म्हणजे तेल किंवा चरबी अधिक कॉस्टिक. बाजारातलं लिक्विड किंवा वडी ही डिटर्जंट असते. काम दोघांचं सारखंच. त्यांच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलाला. त्यामुळे ताटावरचा ओशटपणा पाण्याबरोबर निघून जातो. अशा पदार्थांना सर्फॅक्टंट म्हणतात. हा एक शब्द लक्षात ठेवा.

मग खराच साबण का वापरत नाहीत? पाण्यामुळे. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. खरा साबण त्यांच्याशी जुळून पांढरट, चिकट साका तयार करतो. स्टीलच्या पेल्यावर जो धुरकट थर दिसतो ना, तसा. म्हणून कोणी “शुद्ध नारळतेलाचा पारंपरिक साबण, भांड्यांसाठी उत्तम” म्हणून विकत असेल, तर आधी स्वतःच्या नळाला कुठलं पाणी येतं ते बघा. धरणाचं मऊ पाणी असेल तर जमेल. बोअरचं असेल तर तुम्ही साबण वाढवत जाल आणि भांडी बुळबुळीतच राहतील. ज्याला घालवायला जास्त घासावं आणि जास्त विसळावं लागतं, तो साबण ‘नॅचरल’ असून मुलाच्या काय कामाचा?

‘नॅचरल’ या शब्दाचं वजन किती?

आता बाटलीच्या पुढच्या बाजूकडे येऊ. हिरवं पान, लिंबाची फोड, ‘प्लांट बेस्ड’, ‘केमिकल फ्री’. यातलं ‘केमिकल फ्री’ तर सोडूनच द्या, पाणीसुद्धा केमिकलच आहे. ‘प्लांट बेस्ड’ मात्र जरा गमतीशीर आहे. सोडियम लॉरिल सल्फेट, म्हणजे एसएलएस, हा कातडीला चुरचुर आणणारा म्हणून इतका ओळखीचा आहे की त्वचेच्या प्रयोगांमध्ये मुद्दाम जळजळ घडवायची असेल तर तोच वापरतात. आणि तो बनतो कशापासून? बऱ्याचदा नारळाच्या किंवा पामच्या बियांच्या तेलापासून. म्हणजे बाटलीवर ‘नारळापासून बनवलेलं’ लिहिलं, तर ते खरंही असेल, पण आत काय आहे हे तुम्हाला तरीही कळलेलं नाही. नारळापासून एसएलएस बनतं आणि नारळापासून कोको ग्लुकोसाइडही बनतं. एक कडक, दुसरं कातडीला बरंच सौम्य.

कायदा काय म्हणतो? ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्रीनवॉशिंगबद्दल मार्गदर्शक तत्त्वं आणली. ‘नॅचरल’, ‘ऑरगॅनिक’, ‘इको-फ्रेंडली’ असे मोघम शब्द नुसतेच वापरायचे नाहीत, त्यांना आधार द्यायचा, असा त्यांचा रोख आहे. त्याआधी आपल्याकडे १९९१ पासून इकोमार्क नावाची सरकारी योजनाही होती, तिचं चिन्ह मातीचं मडकं. साबण आणि डिटर्जंटही तिच्यात होते. पण तुम्ही दुकानात ते मडकं कधी पाहिलंय का? मला तरी आठवत नाही. आता २०२४ मध्ये त्या योजनेचे नवे नियम आलेत, बघू पुढे काय होतं ते.

खरी अडचण बाटलीच्या मागच्या बाजूला आहे. आंघोळीच्या साबणावर आणि शाम्पूवर घटकांची यादी असते, कारण ते कॉस्मेटिकच्या नियमांत बसतात. भांड्यांचं लिक्विड कॉस्मेटिक नाही. त्यावर वजन, किंमत, बनवणाऱ्याचा पत्ता, तक्रारीसाठी संपर्क हे सगळं असतं, पण आत काय आहे त्याची पूर्ण यादी असेलच असं नाही. युरोपात सर्फॅक्टंट किती टक्क्यांच्या टप्प्यात आहेत ते बाटलीवर द्यावं लागतं आणि प्रिझर्व्हेटिव्ह कितीही कमी असला तरी त्याचं नाव लिहावं लागतं. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा केला, त्याप्रमाणे २०२० पासून वेबसाइटवर आणि २०२१ पासून लेबलवर घटक जाहीर करावे लागतात. म्हणून तीच कंपनी परदेशात यादी छापते आणि इथे पानाचं चित्र छापते, असं होऊ शकतं.

त्यामुळे माझी पहिली चाळणी साधी आहे. जी कंपनी सगळे घटक नावानिशी छापते, तिची बाटली हातात घ्यायची. नुसतं ‘वनस्पतीजन्य घटक, सुगंध, पाणी’ एवढंच लिहिलं असेल तर परत ठेवायची. फारच आवडलं असेल तर बाटलीवरच्या ग्राहक सेवेच्या ईमेलवर पूर्ण यादी आणि सेफ्टी डेटा शीट मागायची. दोन ओळींचा मेल आहे. उत्तर आलं तर उत्तम, नाही आलं तर तेही एक उत्तरच.

यादीत काय शोधायचं?

समजा यादी मिळाली. सर्फॅक्टंटपासून सुरुवात करू. डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड, लॉरिल ग्लुकोसाइड, म्हणजे शेवटी ‘ग्लुकोसाइड’ असलेली मंडळी सौम्य असतात. कोकामिडोप्रोपिल बीटेन हेही मवाळांपैकी, मात्र थोड्या लोकांना त्याची अ‍ॅलर्जी असते. एसएलईएस, म्हणजे लॉरेथ सल्फेट, हे एसएलएसपेक्षा सौम्य. एलएएस, म्हणजे लिनिअर अल्किलबेंझिन सल्फोनेट, हे पेट्रोलियमपासून येतं, स्वस्त असतं, ओशटपणा छान काढतं, आणि हात कोरडे पाडतं.

एसएलईएसबद्दल इंटरनेटवर खूप घाबरवलं जातं, त्याचं मूळ सांगतो. ते बनवताना १,४-डायऑक्झेन नावाचा पदार्थ नकळत थोडासा तयार होतो, आणि त्यामुळे माणसांना कॅन्सर होऊ शकतो असा संशय आहे. हा घटक म्हणून घातलेला नसतो, त्यामुळे यादीत दिसत नाही. कारखान्यात तो काढून कमी करता येतो. न्यूयॉर्क राज्याने तर घरगुती सफाईच्या वस्तूंत तो जास्तीत जास्त किती असावा याची मर्यादाच घातली, आणि २०२३ च्या अखेरीपासून ती दहा लाखात एक भाग इतकी खाली आणली. म्हणजे नियम केला की जमतं. एसएलईएस दिसलं की बाटली फेकून द्या, असं मी म्हणणार नाही. पण त्याच किमतीत ग्लुकोसाइडवालं मिळत असेल, तर हा प्रश्नच उरत नाही.

पुढचा घटक प्रिझर्व्हेटिव्ह. पाणी असलेल्या कुठल्याही बाटलीत प्रिझर्व्हेटिव्ह लागतोच, नाहीतर त्यात बुरशी आणि जंतू वाढतील. त्यामुळे ‘प्रिझर्व्हेटिव्ह फ्री’ लिक्विड दोन वर्षं टिकतं असं कोणी सांगितलं तर भुवया उंचवायच्या. मात्र कुठला वापरलाय ते बघायचं. मिथाइलआयसोथायाझोलिनोन, लेबलवर बऱ्याचदा एमआयटी, हा त्वचेच्या अ‍ॅलर्जीसाठी इतका कुप्रसिद्ध झाला की अमेरिकेतल्या त्वचा-अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१३ मध्ये त्याला ‘वर्षाचा अ‍ॅलर्जन’ ठरवलं. युरोपने पुढे क्रीमसारख्या अंगावर राहणाऱ्या सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी घातली. घरात कोणाला एक्झिमा असेल तर हे नाव नक्की टाळा.

मग वास. लिंबू, संत्रं, लव्हेंडर. वास ‘नॅचरल’ असला तरी अ‍ॅलर्जी नॅचरल-आर्टिफिशियल असा भेद करत नाही. संत्र्याच्या सालीतलं लिमोनिन हवेत राहून जुनं झालं की त्यातून अ‍ॅलर्जी देणारे पदार्थ बनतात. शिवाय मुलांच्या घरात फळासारखा वास आणि सरबतासारखा रंग असलेलं लिक्विड आणायचंच कशाला? ते का म्हणतोय, ते पुढे येईलच. बिनवासाचं, बिनरंगाचं मिळालं तर ते घ्या.

आणि ‘अँटिबॅक्टेरियल’. याला जास्तीचे पैसे देऊ नका. अमेरिकेच्या एफडीएने २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ घटक हात आणि अंग धुण्याच्या साबणांतून काढायला लावले, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ते जास्त उपयोगी आहेत, हे कंपन्यांना दाखवता आलं नाही. भांड्यांवरचे जंतू घासण्याने, वाहत्या पाण्याने आणि कोरडं होण्याने जातात. उलट घासणीकडे बघा. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये घरांतून वापरलेले १४ स्पंज तपासले, ते जंतूंनी गच्च भरलेले होते, आणि जे नियमितपणे उकळून वगैरे साफ केले जात होते त्यांत जंतू काही कमी नव्हते. म्हणून स्पंज वेळच्या वेळी बदला, किंवा लवकर वाळणारी घासणी नाहीतर ब्रश वापरा. आपला नारळाचा काथ्या या बाबतीत वाईट नाही, पटकन वाळतो. फक्त नॉनस्टिकवर नको.

रिठा, राख आणि बायोएन्झाइम

आता तुम्ही म्हणाल, एवढी भानगड कशाला, आजी राखेने घासायची ना! बरोबर. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते अल्कली आहे. तेलकट भांड्यावर ते तेलाशी मिळून थोडा साबणच बनवतं, आणि राखेची पूड घासायला मदत करते. पण ती चुलीतल्या लाकडाची राख होती. आज राख आणायची कुठून? कोळशाची, कचऱ्याची, प्लास्टिक जाळलेल्या शेकोटीची राख भांड्यांना अजिबात लावू नका.

रिठा मात्र आजही चालतो. त्याच्या सालीत सॅपोनिन नावाचे नैसर्गिक सर्फॅक्टंट असतात. बिया काढलेली दहा-बारा फळं रात्रभर भिजवायची, सकाळी उकळायची, कुस्करायची, गाळायची. क्षाराच्या पाण्यात खऱ्या साबणासारखा साका होत नाही, हा मोठा फायदा. पेले, वाट्या, दूधाची भांडी याने छान निघतात. तळणाची कढई निघत नाही, तिथे फार अपेक्षा ठेवू नका. हे पाणी फ्रिजमध्ये ठेवायचं आणि आठवड्याच्या आत संपवायचं, कारण त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नाही.

पण रिठा नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी, असं समजू नका. लहानपणी रिठे-शिकेकाईने ज्यांचं डोकं धुतलंय, त्यांना डोळ्यात गेलेला रिठा आठवत असेल! सॅपोनिन असलेल्या वनस्पती कुटून पाण्यात टाकून मासे गुंगवून पकडायची पद्धत जगात अनेक ठिकाणी होती. तेव्हा रिठ्याचं पाणीही मुलांपासून लांबच ठेवायचं.

बायोएन्झाइमची कृती बऱ्याच जणांना पाठ असेल. एक भाग गूळ, तीन भाग लिंबू-संत्र्याच्या साली, दहा भाग पाणी, तीन महिने. तयार होतं ते आंबट पाणी. ओल्या कचऱ्याचा उपयोग होतो, सिंक आणि फरशी पुसायला, क्षाराचे डाग काढायला ते बरं. पण आम्लाने तूप निघत नाही, त्यासाठी सर्फॅक्टंटच लागतो. म्हणून लोक त्यात रिठा घालतात, आणि भांडी निघतात ती मुख्यतः रिठ्यामुळे. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. हे पाणी, व्हिनेगर किंवा लिंबू यांतलं काहीही ब्लीचिंगच्या लिक्विडमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो.

आणि तो लाडका व्हिडिओ, बेकिंग सोड्यावर व्हिनेगर ओतायचं आणि फसफस बघायची! फसफस संपली की दोघांनी एकमेकांना संपवलेलं असतं. उरतं ते थोडं मिठासारखं पाणी. दोन्ही वेगवेगळे वापरा. सोडा करपलेल्या भांड्याला, व्हिनेगर क्षाराच्या डागाला. धुण्याचा सोडा मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या कढईला आणि कुकरला नको, तो धातूच खातो.

पोटात किती जातं?

आता पहिली वाट. भांड्यावर राहिलेला साबण. यावर एक छोटं गणित करू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. समजा ताटावर १ मिलिलिटर फेसाचं पाणी उरलं आणि त्यात २ मिलिग्रॅम डिटर्जंट आहे. त्यावर २०० मिलिलिटर पाणी एकदम ओतून नीट फिरवलं आणि निथळलं. पुन्हा १ मिलिलिटर उरलं, त्यात साधारण ०.०१ मिलिग्रॅम राहील. आता तेच २०० मिलिलिटर दोनदा वापरू, १०० आणि १००. पहिल्यानंतर ०.०२, आणि दुसऱ्यानंतर ०.०००२. पाणी तेवढंच, उरलेला साबण पन्नासपट कमी. म्हणजे भांडं धो-धो नळाखाली धरण्यापेक्षा थोड्या पाण्यात दोनदा विसळून निथळणं कधीही चांगलं. पाणीही वाचतं.

हे ताटाला लागू आहे. जिथे पाणी फिरत नाही तिथे गणित फसतं. सिपरची नळी, डब्याचं रबर, बाटलीचं बूच, मिक्सरच्या भांड्याची खाच. मुलाची भांडी घेताना हा निकष साबणाच्या आधी लावा. जितके कोपरे कमी, तितका साबण आणि खरकटं कमी. सरळ कडांची स्टीलची वाटी आणि चमचा यांना तोड नाही. बाटली वापरावीच लागत असेल तर सगळे भाग सुटे करून, सिंकमध्ये न टाकता वेगळ्या स्वच्छ भांड्यात धुवा, वाहत्या पाण्याखाली विसळा आणि फडक्याने न पुसता हवेवर वाळू द्या. दोन महिन्यांपेक्षा लहान, अपुऱ्या दिवसांचं किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं बाळ असेल तर रोज उकळणंही हवं.

काहींनी डिशवॉशरबद्दलच्या स्विस अभ्यासाची बातमी पाठवली होती. तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. हॉटेल-कँटीनमधल्या मोठ्या मशिनमध्ये शेवटी चकाकीसाठी जे रिन्स एड वापरतात, त्यातल्या अल्कोहोल इथॉक्सिलेटमुळे आतड्याच्या पेशींच्या अस्तराला इजा होते, असं प्रयोगशाळेत दिसलं. हे पेशींवरचं काम आहे, मुलांवरचं नाही. आणि मुद्दा असा की त्या मशिनमध्ये रिन्स एडनंतर पुन्हा साधं पाणी फिरत नाही. आपल्या सिंकमध्ये ते शेवटचं साधं पाणी आपल्याच हातात आहे. म्हणून पुन्हा तेच, दोनदा विसळा.

साबण वापरायचाही कमीच. घासणीवर थेट पिचकारी मारण्याऐवजी वाटीभर पाण्यात एक छोटा चमचा लिक्विड मिसळा आणि त्यात घासणी बुडवत राहा. खरकटं आणि तूप आधी कागदाने किंवा सालीने पुसून घेतलं तर निम्मं काम तिथेच होतं. फेस जास्त म्हणजे सफाई जास्त, हे जाहिरातींनी शिकवलंय. फेसाचं काय होतं ते बघायचं असेल तर आळंदीला इंद्रायणीच्या पात्रावरचे फोटो आठवा. त्यात कारखान्यांचं पाणी आहे, सांडपाणी आहे, आणि आपल्या मोऱ्यांमधून जाणारंही आहे.

हात कोणाचे?

आता दुसरी वाट, आणि मला हीच आज जास्त बोलायची होती. आपण बाळासाठी महागडं सौम्य लिक्विड आणतो. बाळ त्या साबणाला हातही लावत नाही. घरात त्या साबणात रोज कोणाचे हात असतात? बऱ्याच घरांत भांडी घासायला येणाऱ्या मावशींचे. एका घरात अर्धा तास धरला आणि दिवसाला पाच-सहा घरं, तर अडीच-तीन तास हात साबणाच्या पाण्यात. वडीत डिटर्जंटबरोबर सोडा आणि खनिजांची पूड असते, ती अल्कली बाजूची. कातडी मुळात किंचित आम्ल, पीएच पाचच्या आसपास. रोज तीन तास तिच्यावरचं तेल निघत राहिलं की बोटांच्या पेरांना भेगा पडतात, नखांच्या कडा सुजतात, हळद-मीठ लागलं की आग होते.

त्या भेगांना आपण ‘कामामुळे होतंच’ म्हणतो. पण तो हातांचा एक्झिमा आहे, आणि तो बऱ्याच अंशी टाळता येतो. तसं बाळासाठीही हे गौण नाही, कारण घरातली आई किंवा आजी भांडी घासत असेल तर त्याच भेगा पडलेल्या हातांनी बाळाला भरवलं जातं.

मग काय करायचं? बाळाच्या वाटीला सौम्य लिक्विड आणि बाकीच्या ढिगाऱ्याला कडक वडी अशी वाटणी करू नका. शक्य असेल तर सगळ्या भांड्यांना तेच लिक्विड, पातळ करून. मावशींना विचारा, “हाताला काय बरं वाटतं?” त्यांनी सहा घरचे सहा साबण वापरलेत, त्यांच्याइतकी तुलना कुठल्याच वेबसाइटवर मिळणार नाही. त्यांच्या मापाचे रबरी हातमोजे आणा, आतून सुती असतील तर उत्तम. काहींना मोज्यांत भांडं सटकतं म्हणून नको वाटतात, तेव्हा जबरदस्ती नको. ओट्यावर साधं व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल ठेवा, काम झाल्यावर लावायला. आणि मोठी भांडी आधी भिजत घाला, म्हणजे घासायचा वेळ कमी होतो. यातलं काहीही त्या ‘नॅचरल’ बाटलीच्या किमतीपेक्षा महाग नाही.

बाटली कुठे ठेवता?

तिसरी वाट. सौम्य असो वा कडक, कुठलंही लिक्विड पिण्यासाठी नाही. दोन वर्षांच्या मुलाला पिवळं लिक्विड आणि लिंबू सरबत यांत फरक दिसत नाही. म्हणून वास-रंगाचा मुद्दा काढला होता. पाच लिटरचा कॅन स्वस्त पडतो म्हणून आपण आणतो आणि पाण्याच्या किंवा कोल्डड्रिंकच्या जुन्या बाटलीत थोडं काढून ठेवतो. आजचं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण हे करू नका. रिठ्याचं पाणी आणि बायोएन्झाइमही नाही. मूळ बाटली, घट्ट झाकण, आणि मुलाच्या उंचीच्या वरचं कपाट. ओट्याखालचं नको. तिथेच ड्रेन साफ करायची पूड आणि टॉयलेटचं अ‍ॅसिड असतं, आणि ते भांड्यांच्या लिक्विडपेक्षा कितीतरी पट घातक आहे. डिशवॉशरच्या गोळ्याही त्याच वरच्या कपाटात.

तरीही मुलाने तोंडाला लावलंच तर? तोंड पुसा, एक-दोन घोट पाणी द्या. उलटी करवू नका, मीठ-पाणी पाजू नका. फेस श्वासनलिकेत गेला तर तो जास्त वाईट. खोकला थांबत नसेल, श्वासाला त्रास होत असेल, सारख्या उलट्या होत असतील किंवा मूल सुस्त वाटलं, तर बाटली बरोबर घेऊन लगेच हॉस्पिटल गाठा. ड्रेनची पूड किंवा अ‍ॅसिड असेल तर लक्षणांची वाट बघूच नका. डोळ्यात गेलं तर वाहत्या साध्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, मूल रडलं तरी, आणि मग डॉक्टर. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, त्यांचा टोल फ्री नंबर १८०० ११६ ११७. फ्रिजवर लिहून ठेवा.

तर, दुकानात काय करायचं?

थोडक्यात सांगतो. बाटली उलटी करा. पूर्ण यादी आहे का? सर्फॅक्टंटमध्ये ग्लुकोसाइड वर आहेत का? वास आणि रंग नाही किंवा कमी आहे का? एमआयटी नाही ना? झाकण घट्ट आहे का? ही पाच उत्तरं जमली तर पुढच्या बाजूला पान असो की नसो. किंमत बघताना बाटलीची नको, एका दिवसाला किती चमचे लागतात त्याची बघा. घट्ट लिक्विड महाग दिसतं पण पातळ करून वापरलं की बऱ्याचदा परवडतं.

आणि सौम्य लिक्विड परवडत नसेल, तर मनाला लावून घेऊ नका. साधंच लिक्विड, कमी घेऊन, पातळ करून, दोनदा विसळून, उंचावर ठेवून वापरलं, तर तुमचं घर महागडी बाटली ओट्याखाली ठेवणाऱ्या घरापेक्षा सुरक्षित आहे.

तुमच्याकडे पाणी कुठलं येतं आणि त्यात काय चाललं, काय नाही चाललं, हे जरूर कळवा. मावशींचं मत विचारलंत तर तेही कळवा, ते मला सगळ्यात आधी वाचायचंय. भेटू पुढच्या भागात.